व्यायामसाधने, खोलीतील

वसतिगृहातील अथवा भाड्याच्या लहान खोलीत राहणाऱ्या व्यक्तीला तालमीत वा व्यायामशाळेत न जाता वापरता येतील आणि वापरानंतर खाटेखाली किंवा भिंतीलगत ठेवता येतील, अशी सुटसुटीत साधने. जोर काढताना तळहाताखाली धरावयाचे लाकडी ठोकळे, मुद्गल, करेला, डंबेल, स्प्रिंगची साधने, रबरी पट्टे, उड्यांची दोरी, दाराच्या चौकटीत बसविण्याचा आडवा दांडा इत्यादींचा त्यांत समावेश होतो. यांतील काही साधने मुळात खोलीसाठी नव्हतीच. ती तालमीतून खोलीत आली. म्हणून त्यांचा इतिहास तालमीपासून पाहावा लागतो.

चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात मल्लांच्या व्यायामाचे प्रकार दिले आहेत. त्यांत भार उचलणे, फिरणे व पोहणे यांबरोबर खांबावरील श्रमाचाही उल्लेख येतो. पुढे मराठी मुलखातील तालमींत हौद्याची तांबडी माती, मल्लखांब, मुद्गलांच्या जोड्या आणि दगडी नाल अशी सामग्री रूढ झाली. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाचे पुनरुज्जीवन केले, असे मानले जाते. ही सर्व सामग्री तालमीच्या मालकीची असे. कोणी ती घरी नेत नसे. घरी नेता येण्याजोगे एवढेच असे, की ज्याला साधनच लागत नाही : जोर, बैठका आणि नमस्कार. मारुतीच्या देवळातील ओवरी असो किंवा माजघरातील कोपरा असो, एका माणसाला आडवे पडण्याइतकी जागा त्यांस पुरते.

महाविद्यालयीन वसतिगृहाचा या इतिहासात प्रवेश होतो तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. लोकमान्य टिळक १८७३ मध्ये पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात दाखल झाले व तेथील वसतिगृहात राहू लागले, तेव्हा त्यांची प्रकृती तोळामासा होती. पहिले वर्ष त्यांनी शरीर कमावण्यासाठीच खर्ची घातले. कुस्ती, जोर-बैठका व पोहणे असा त्यांचा क्रम असे. अभ्यासाच्या दृष्टीने ते वर्ष वाया गेले. पण त्या वर्षी मिळविलेली ताकद पुढील तुरुंगवासात उपयोगी पडली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. या क्रमात विकत घ्यावयाची वस्तू एकही नव्हती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मात्र आखाडा आणि नदी हाताशी होती. आजच्या विद्यार्थ्याजवळ खोली असते, पण या दोन गोष्टी बहुधा नसतात. साधन निवडण्याचा प्रश्न खरा तेथून सुरू होतो.

यूरोपात खोलीतील व्यायामाची परंपरा वेगळ्या वाटेने वाढली. जोसेफ ॲडिसन याने १७११ मध्ये द स्पेक्टेटर या नियतकालिकात आपण रोज सकाळी खोलीच्या कोपऱ्यातील ‘डंबेल’वर तासभर व्यायाम करतो, असे लिहिले आहे. हे साधन आजच्या डंबेलसारखे नसून घंटा वाजविण्याच्या दोराची नक्कल करणारे होते. घंटाच नसल्यामुळे ते ‘मुके’ ठरले व तेच नाव पुढे हाती धरावयाच्या वजनाला मिळाले. घरमालकीण या व्यायामाला इतकी सरावली आहे, की त्या वेळी ती खोलीत येऊन व्यत्यय आणत नाही, असेही त्याच लेखात विनोदाने आले आहे. भारतातील इंग्रज अधिकाऱ्यांनी येथील मुद्गल पाहिले आणि त्याची लहान, हलकी आवृत्ती मायदेशी नेली. डोनल्ड वॉकर याच्या १८३४ मधील पुस्तकाने ‘इंडियन क्लब’ इंग्लंडमध्ये लोकप्रिय केले. १८६६ मध्ये सायमन केहो याने अमेरिकेत त्यावर स्वतंत्र पुस्तक काढले. १९०४ व १९३२ च्या ऑलिंपिक सामन्यांत त्यांच्या फिरवाफिरवीची स्पर्धाही झाली. तालमीतील जड मुद्गल खोलीत मावेल एवढा झाला तो असा, परदेशी जाऊन.

महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांचे आहे. जर्मन बलोपासक यूजीन सँडो (१८६७–१९२५) याने डंबेल, स्प्रिंगची मूठ, ताणावयाच्या दोऱ्या आणि टपालाने पाठवावयाचे पाठ अशी संपूर्ण ‘घरगुती’ पद्धती व्यापारी तत्त्वावर उभी केली होती. १९०४-०५ मध्ये त्याने भारताचा दौरा केला, पण त्याची कीर्ती आधीच येथे पोहोचली होती. पंतप्रतिनिधींनी १८९७ च्या सुमारास त्याची साधने व पुस्तके मागविली आणि सु. दहा वर्षे नेमाने त्याप्रमाणे व्यायाम केला. त्यानंतर मात्र, १९०८ च्या सुमारास, ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि अखेरपर्यंत त्याचेच प्रचारक राहिले. औंध संस्थानातील शाळांत त्यांनी नमस्कार सुरू केले. त्यांचे इंग्रजी पुस्तक १९२८ मध्ये आणि द टेन-पॉइंट वे टू हेल्थ ही त्याची इंग्लंडमधील आवृत्ती १९३८ मध्ये निघाली. या बदलाचे स्वदेशीच्या भावनेने केलेले वर्णन पुष्कळदा आढळते, पण ते अपुरे आहे. जो गृहस्थ दहा वर्षे एकाच साधनाला चिकटून राहिला, त्याला साधनाचा कंटाळा आला असे म्हणता येत नाही. नमस्कारात पाठ, पोट, खांदे व पाय एकाच आवर्तनात येतात आणि ते घर, प्रवास, शाळा अशा कोठेही शिकविता येतात, हा व्यावहारिक लाभ संस्थानच्या प्रमुखाला अधिक मोलाचा वाटला असणे स्वाभाविक आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील व्यायाम-चळवळ मात्र सामूहिक होती. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (स्था. १९१४), बडोद्याचे जुम्मादादा व्यायाम मंदिर, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ (स्था. १९२४) यांचा भर मैदान, संचलन व सांघिक कवायतीवर राहिला. अमरावतीच्या मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन येथे ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार दाखविले. द. चिं. मजुमदार यांनी बडोद्याहून संपादित केलेला व्यायाम ज्ञानकोश हा दहा खंडांचा ग्रंथ याच काळातला. एकट्याने खोलीत करावयाचा व्यायाम या मंडळींना गौण वाटे; तो सोडून दिला गेला नाही, पण त्याचे स्वतंत्र शास्त्र येथे झाले नाही.

ते शास्त्र दुसऱ्या महायुद्धानंतर बाहेर झाले. डॉर्टमुंड येथील हेटिंगर व म्यूलर यांनी १९५३ मध्ये असे प्रतिपादिले, की स्नायूचे दिवसातून एकदाच, काही सेकंद, हालचालीविना केलेले जोरदार आकुंचनही ताकद वाढविण्यास पुरते. या विधानावर पुढे ‘बुलवर्कर’सारखी दाबावयाची नळकांडी विकली गेली, १९७० नंतर भारतीय मासिकांतून त्यांच्या टपालविक्रीच्या जाहिराती झळकत असत. नंतरच्या प्रयोगांत मूळ दावा बराच सौम्य करावा लागला : वाढ सांगितली होती तेवढी वेगाने होत नाही आणि सांधा ज्या कोनात ठेवला त्याच्या आसपासच ती मुख्यतः दिसते. याउलट कॅनडाच्या वायुदलासाठी बिल ऑर्बन याने १९५० नंतरच्या दशकात आखलेला पाच व्यायामांचा अकरा मिनिटांचा क्रम कोणत्याही साधनाविना होता. दूरच्या तळांवर व्यायामशाळा नसते, ही त्यामागची अडचण वसतिगृहाच्या अडचणीहून फारशी निराळी नाही.

साधनाची निवड करताना प्रतिकाराचा प्रकार पाहावा. वजनाचा भार कायम असतो. मात्र मुद्गलाचा बोजा मुठीपासून दूर असल्याने चार किग्रॅ. चा मुद्गल तेवढ्याच डंबेलपेक्षा मनगट व खांद्यावर पुष्कळ अधिक ताण देतो. स्प्रिंग व रबर यांचा विरोध ताणाबरोबर वाढत जातो, म्हणून हालचालीच्या आरंभी तो फारच थोडा असतो. जोर काढताना शरीराच्या वजनाचा सु. दोन-तृतीयांश भार हातांवर येतो, म्हणजे साठ किग्रॅ. वजनाच्या तरुणास सु. चाळीस किग्रॅ. चा भार फुकट मिळतो. तेव्हा ढकलण्यासाठी व पायांसाठी काही विकत घेण्याची गरज बहुधा नसते. उणीव राहते ती ओढण्याच्या क्रियेची. जोर-बैठकांत ती जवळजवळ नाही. जुन्या तालमीत ती मल्लखांब, दोर व कुस्ती यांनी भरून निघत असे. खोलीत राहणाऱ्याने एकच साधन घ्यावयाचे असेल, तर ते ओढण्याचे असावे : मजबूत चौकटीतील दांडा किंवा रबरी पट्टा. जाहिरातींत छाती व दंड यांचीच चित्रे असल्यामुळे खरेदी नेमकी उलट होते. मुद्गल घ्यावयाचा तर छताच्या पंख्याची उंची आधी मोजावी; हात आणि मुद्गल मिळून होणारी लांबी पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात पैनगंगेच्या खोऱ्यात वसलेल्या उमरखेड येथे हा प्रश्न हौसेचा राहत नाही. ढाणकी, मुळावा, विडूळ आदी गावांतील तरुण शिक्षणासाठी तालुक्याच्या गावी येतात. गोपिकाबाई सीताराम गावंडे महाविद्यालय येथेच आहे. ग्रामीण भागातील अशा विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांची नजर पोलीस वा सैन्यभरतीवर असते. राज्य पोलिसांच्या शारीरिक चाचणीत पुरुषांस १,६०० मी. व १०० मी. धावणे आणि ७·२६ किग्रॅ. चा गोळा फेकणे, तर स्त्रियांस ८०० मी. व १०० मी. धावणे आणि चार किग्रॅ. चा गोळा फेकणे असते; सैन्यभरतीत आडव्या दांड्यावर शरीर वर ओढण्यास गुण आहेत. धावण्याची तयारी कोणतेही खोलीतील साधन करून देत नाही. त्यासाठी पहाटेचा रस्ता किंवा मैदानच लागते. दांडा मात्र खोलीत बसविता येतो, पण भाड्याच्या खोलीची चौकट नुसती भिंतीत टेकविलेली असेल, तर तो बाहेर लोखंडी चौकटीत पक्का करणे इष्ट. उन्हाळ्यात रबर लवकर तडकते. पट्टा उन्हात, खिडकीशी टांगू नये व वापरण्यापूर्वी ताणून पाहावा. भार वाढवावयाचा तर पुस्तकांनी भरलेली पाठपिशवी घालून बैठका काढता येतात. पंधरा लिटरांचा तेलाचा रिकामा डबा पाण्याने भरल्यास पंधरा किग्रॅ. भार होतो आणि तोच डबा वाळूने भरल्यास वीस किग्रॅ. च्या वर जातो. कडी मात्र तपासून घ्यावी. मुद्गलासाठी जड व चिवट लाकूड लागते. जिल्ह्यात सागवान मुबलक असले, तरी फाटलेल्या किंवा गाठीच्या तुकड्याची मूठ फिरविताना तुटण्याचा संभव असतो, म्हणून मूठ व डोके एकाच अखंड लाकडातून कातलेले असावे.