‘पुणे वैभव’ला बुलढाण्याहून उत्तर

सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल १८८१ मध्ये फाशीची शिक्षा झाली आणि अपिलात ती सौम्य करून तिला काळ्या पाण्याची शिक्षा देण्यात आली, तेव्हा विधवेला पुनर्विवाह नाकारणाऱ्या रूढीला जाब विचारण्याऐवजी ‘पुणे वैभव’ या पत्राने सगळ्या स्त्रीजातीच्या नीतीवरच शिंतोडे उडवले. एखाद्या समूहाला केवळ त्याच्या जन्मावरून सरसकट हीन ठरवणाऱ्या अशा बोलण्याला आज द्वेषोक्ती म्हणतात. तिला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ या निबंधाने उत्तर दिले.

दोष सारा बायकांच्या माथी मारला जातो आणि त्याविरुद्ध कोणी चकार शब्द काढत नाही, हे पाहून मन खवळले व इतके जहाल लिहिल्यावाचून राहवले नाही, असे ताराबाईंनी प्रस्तावनेतच सांगितले आहे. हा संताप मात्र नुसत्या शिव्याशापांत विरत नाही. स्त्रियांच्या दुर्गुणांची यादी देणारा एक जुना संस्कृत श्लोक समोर ठेवून त्या एकेक आरोप उचलतात आणि तोच दोष पुरुषांत किती अधिक आहे हे दाखवतात. सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या मागे गेली, पण बायकोचे प्राण परत आणायला कोणी नवरा यमाच्या दारी गेल्याचे ऐकिवात आहे काय, हा त्यांचा प्रश्न आजही वाचकाला निरुत्तर करतो.

संतापाला लिहून असा आकार देण्याशी मिळतीजुळती एक पद्धत मानसशास्त्रात आहे: मनाला झालेल्या आघाताविषयी सलग काही दिवस थोडा वेळ मोकळेपणाने लिहायचे; तिला अभिव्यक्तिपर लेखन म्हणतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८० च्या दशकात तिचे प्रयोग केले, तेव्हा घटनेबरोबर भावनाही लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांच्या दवाखान्यातील फेऱ्या पुढील महिन्यांत घटल्याचे आढळले. विस्कळीत अनुभवाला लिहिताना क्रम आणि कारण लाभते, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते, आणि ताराबाईंच्या आरोपवार मांडणीत नेमके तेच घडलेले दिसते. तरीही दोहोंत मोठा फरक आहे: प्रयोगातला मजकूर कोणाला दाखवण्यासाठी नव्हता, तर हे लेखन चारचौघांत झालेल्या अपमानाला चारचौघांतच दिलेले उत्तर असल्यामुळे ते ऐकणारा समाज त्याला हवा होता.

तसा तो फारसा लाभला नाही. सत्यशोधक समाजाच्या वर्तुळातूनही पुस्तकावर टीका झाली. जोतीराव फुले मात्र १८८५ मध्ये आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकाच्या दुसऱ्या अंकात ठामपणे ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले. ताराबाईंचे दुसरे पुस्तक निघाले नाही, आणि हा निबंधही स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा प्रसिद्ध करीपर्यंत मराठी वाचकांच्या विस्मरणात गेला होता.