गणांच्या मागावर

तुमच्या तळहातावर तांब्याचं एक नाणं आहे. एका बाजूला भाला घेतलेला कार्तिकेय, शेजारी मोर. भोवतीची ब्राह्मी अक्षरं एकेक करून लावता : यौधेयगणस्य जय. राजाचं नाव शोधता, ते कुठेच नाही. तुम्ही आजच्या हरियाणाच्या मुलखात, इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकात उभे आहात आणि इथं गण म्हणजे राजाशिवाय चालणारं राज्य. नाणं परत करा. तुम्हाला हवा तो कवितेतला गण, आणि तो या बाजारात मिळायचा नाही.

सहाएकशे वर्षं पुढे, माळव्यात या. गादीवर मुंज राजा आहे आणि पिंगलाच्या छंदःसूत्रांवर ‘मृतसंजीवनी’ टीका लिहिणारा हलायुध त्याच्याच आश्रयाला आहे. शिष्यांच्या घोळक्यात मागे बसा. समोर धूळपाटी. पहिल्या उभ्या रांगेत गुरू, लघू, गुरू, लघू असं आलटून पालटून आठ खुणा होतात. दुसऱ्या रांगेत दोन गुरू, दोन लघू, पुन्हा तसंच. तिसऱ्या रांगेत चार गुरू, चार लघू. आता आडवं वाचा : म, य, र, स, त, ज, भ, न. आठ गण. नववा काढायचा प्रयत्न करून बघा, निघणार नाही. तीन जागा, प्रत्येक जागी दोनच शक्यता; दोन गुणिले दोन गुणिले दोन. गुरुजींनी आठच का सांगितले, हे शाळेत कुणी विचारलं नव्हतं. पाठ मात्र केलं होतं. त्यांनी दिलेलं ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र आठवा आणि कुठल्याही अक्षरापासून तीन तोडा. यमाता हा य गण, मातारा हा म गण, ताराज हा त गण, थेट सलगापर्यंत. दहा अक्षरांत आठही गण कोंबणारा तो अनामिक माणूस खरा कवी म्हणायला हवा.

आता बारामती, १७९०च्या आसपास. इथं जरा निवांत बसा, कारण इथं गणांची दाटी आहे. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने मोरोपंत पराडकर इथं स्थिरावले, त्याला आता बरीच वर्षं झाली. ओठ न मिटता म्हणता येईल असं निरोष्ठ रामायण रचणारा हा माणूस. अक्षरांचा हिशेब त्याच्या हाडीमांसी भिनलेला. त्यांची आर्या कानावर पडते आणि तुम्ही शाळेतल्या सवयीने तीन-तीन अक्षरं तोडायला लागता. जमत नाही. आर्येतला गण तीन अक्षरांचा नसतोच, तो चार मात्रांचा. दोन गुरू चालतील, चार लघू चालतील. बेरीज चुकता कामा नये.

ओसरीच्या पलीकडच्या टोकाला कुणी तरी पत्रिका जुळवतंय. मुलगा देवगण, मुलगी राक्षसगण, छत्तीसांतले गणाचे सहा गुण हातचे जाणार म्हणून मुलीचा बाप हवालदिल. नक्षत्रं सत्तावीस, तीन गणांत नऊ-नऊ वाटलेली. हसू नका, छंदशास्त्रानेही हा खेळ केलाच आहे. तिथल्या आठही गणांना देवता आहेत, फळं आहेत. काव्याचा आरंभ म गणाने केला तर लक्ष्मी, भ गणाने कीर्ती, र गणाने थेट मरण. ज गणाचं फळ रोग. आणि मोरोपंतांची ‘केकावली’ आहे पृथ्वी वृत्तात, म्हणजे ज स ज स य ल ग. तिचा पहिलाच गण ज! आरंभी देववाचक शब्द असला की दोष लागत नाही, अशी पळवाट शास्त्रकारांनीच ठेवली आहे. पण मला वाटतं, पंतांनी सतरा अक्षरांचा तो डौल ऐकला आणि रोगाची पर्वा केली नाही.

संध्याकाळी डफावर थाप पडते. सोलापूरचा शाहीर राम जोशी गावात आलाय. हाच पुढे पंतांच्या आर्या कीर्तनातून घरोघरी पोचवणार. खेळात पहिला मान गणपतीचा. तमाशाचा साचा पुढे पक्का झाला, तेव्हा गवळण-बतावणीच्या आधीच्या या नमनालाही नाव पडलं गण. या गणाला मात्रा मोजायची गरज नाही, ढोलकी ते बघते.

शेवटचा मुक्काम कोल्हापूर, १९३७. राजाराम कॉलेजात फारसी शिकवणारे माधवराव पटवर्धन, म्हणजे माधव जूलियन, यांच्या ‘छंदोरचने’ची वाढवलेली आवृत्ती आली आहे; पुढच्याच वर्षी याच ग्रंथासाठी मुंबई विद्यापीठ त्यांना डी.लिट. देईल. पुस्तक उघडा आणि पडताळा म्हणून भुजंगप्रयातात स्वतःच एक ओळ जुळवा : उभा पावसाळा घराच्या कडेला. चार य गण. आता गण पाडा : उभापा, वसाळा, घराच्या, कडेला. पावसाळ्याचे दोन तुकडे झाले, आणि म्हणताना ते कुठेही जाणवले नाहीत! माधवराव म्हणूनच लगक्रम, म्हणजे लघू-गुरूंचा क्रम मांडतात, आवर्तनं बघतात. लगागा, लगागा, लगागा, लगागा. हाच लगक्रम फारसीत ‘मुतकारिब’. फिरदौसीचा ‘शाहनामा’ त्यातच चालतो, फक्त ओळीच्या शेवटचा एक गुरू गळतो. समर्थांचे मनाचे श्लोक आणि इराणच्या राजांच्या लढाया एका ठेक्यावर. गणांच्या तक्त्यात हे नातं कधी दिसलं नसतं.

गण हिशेबनीस आहे, गवई नव्हे. तेव्हा तुमच्या घरात दहावीचं पोर वृत्त ओळखायला बसलं असेल, तर त्याच्या हातची पेन्सिल आधी काढून घ्या. ओळ चालीवर चार वेळा म्हणायला लावा. लघू-गुरूच्या खुणा आणि गणांच्या रेघा त्यानंतर.