बटणांमधली मोकळी जागा

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन काउंटीत फेअरफॅक्स नावाचं छोटं गाव आहे. तिथे 2015 पासून सायकलींचं एक संग्रहालय आहे. येणारी माणसं जुन्या फ्रेमचे जोड, उडालेला रंग, ब्रेकचे लिव्हर बघत रेंगाळतात. मी टायर बघते. साताऱ्याजवळ हायवेला आमच्या अण्णांचं टायर रिमोल्डिंगचं दुकान होतं. ट्रकचा गोटा झालेला टायर उतरवला की ते झिजेवर बोट फिरवून ड्रायव्हरला सांगायचे, तू हवा कमी ठेवतोस, तुझी गाडी डावीकडे ओढते, घाटात ब्रेक दाबून धरतोस. ती सवय मला लागली ती लागलीच. नोकरीसाठी बे एरियात आले, सायकलवरून डोंगर उतरायला शिकले, तेव्हा या खेळाचा इतिहासही मी टायरवरूनच वाचायला घेतला. फ्रेम आणि सस्पेन्शनवर लोक पानंच्या पानं लिहितात. जमिनीला टेकणाऱ्या रबराला मात्र एखाद्या परिच्छेदावर भागवावं लागतं, आणि हे मला पटत नाही.

फेअरफॅक्सच्या पश्चिमेला पाइन माउंटनच्या अंगावरून आग विझवणाऱ्या गाड्यांसाठी काढलेला एक कच्चा रस्ता उतरतो. 21 ऑक्टोबर 1976 या दिवशी तिथे चार्ली केली आणि त्याच्या मित्रांनी पहिली शर्यत लावली. उतार साधारण 400 मीटरचा, अंतर तीन किलोमीटरच्या थोडं वर. सायकली 1930-40च्या काळातल्या, बहुतेक श्विन कंपनीच्या, वजनाला वीस किलोच्या घरात. मागच्या चाकाच्या हबमध्ये पॅडल उलटं दाबून लागणारा ब्रेक. एका उतारात त्या हबमधलं ग्रीस जळून धूर व्हायचा आणि हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. म्हणून त्या शर्यतीचं नाव पडलं रिपॅक, म्हणजे पुन्हा भरणं. गॅरी फिशरने तो उतार 4 मिनिटं 22 सेकंदांत संपवला. आजही तोच विक्रम आहे. सरासरी वेग ताशी 40 किलोमीटरच्या वर, आणि रस्त्यावर सुटी खडी.

त्या सायकलींना टायर कुठले होते? मुळात हा आकारच पेपर टाकणाऱ्या पोरांच्या सायकलींचा. श्विनने 1933 मध्ये अमेरिकेत दोन इंचांहून थोड्या जास्त रुंदीचा फुगीर टायर आणला, 26 बाय 2.125, आणि त्याच मापाने पुढे अर्धशतक राज्य केलं. पण त्याची नक्षी डांबरी रस्त्याची, बारीक रेघांची. रिपॅकवर उतरणाऱ्यांनी त्या मापात रबराची उंच बटणं असलेलं जे काही मिळेल ते शोधलं. युनिरॉयलचा बटणांचा टायर त्यातला एक. चौकोनी ठोकळे, एकाच उंचीचे, एकाच अंतरावर, मधोमधपासून कडेपर्यंत सारखे. पुढेमागे तोच. उलटा लावला तरी फरक नाही.

ही नक्षी उतारासाठी कोणी आखलीच नव्हती. पण सुटी खडी असली की गुळगुळीत रबर वरच्या दाण्यांवर तरंगतं, आणि बटण त्या दाण्यांतून खाली घुसून घट्ट थराला धरतं. एवढ्या एका कामावर या पोरांनी शर्यती जिंकल्या. घसरून वळणं घेण्याची त्यांची पद्धतही टायरनेच ठरवली होती असं मला वाटतं. मागे ब्रेक एकच, कडेला वेगळं बटण नाही. सायकल आडवी टाकून सरकवत नेण्यावाचून दुसरा उपाय काय होता?

जो ब्रीझने 1977-78मध्ये खास या कामासाठी फ्रेम बनवल्या, टॉम रिचीने पाठोपाठ बनवल्या, 1981 मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजम्पर ही सायकल जपानमध्ये तयार होऊन दुकानांत आली. टायर हलके झाले, बीएमएक्सच्या बाजारातून स्नेकबेलीसारख्या नक्ष्या आल्या. या दहा वर्षांविषयी मी फार लिहिणार नाही, कारण सगळ्यांचं लक्ष चढावर होतं. एकाच सायकलने चढायचं आणि उतरायचं. टायर हलका हवा आणि सहज पळायला हवा, एवढीच मागणी.

उताराला वेगळा टायर लागतो हे कळायला वेगळी शर्यत लागली. कॅलिफोर्नियात मॅमथ माउंटनवर 1980च्या दशकाच्या मध्यापासून कामिकाझे नावाची शर्यत होऊ लागली. अकरा हजार फुटांवरून ज्वालामुखीच्या हलक्या, सच्छिद्र खड्यांतून सरळ खाली, वेग ताशी शंभर किलोमीटरच्या जवळ. 1990 मध्ये कोलोरॅडोत दुरँगोजवळ पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, त्यात डाउनहिल हा स्वतंत्र प्रकार होता आणि ग्रेग हर्बोल्ड जिंकला. त्याच सुमारास जपानच्या पॅनारेसरने एक जोडी बाजारात आणली: पुढे डार्ट, मागे स्मोक. माझ्या लेखी या इतिहासातला पहिला खरा विचार हा.

पुढच्या आणि मागच्या चाकाचं काम वेगळं असतं, हे बैलगाडी सोडून कुठलंही वाहन चालवणाऱ्याला ठाऊक असतं. पुढचं चाक दिशा देतं आणि ब्रेक लावला की सगळा भार त्याच्यावर येतो. मागचं चाक ढकलतं. स्मोकची मधली बटणं आडवी, रुंद; मातीत खुपसून मागे ओढणारी. डार्टची बाणाच्या टोकासारखी, माती बाजूला सारत कडेने धरणारी. आज ती जोडी पाहिली तर बटणं बुटकी वाटतात, टायरही अरुंद. पण दोन चाकांची दोन कामं रबरात कोरलेली त्या जोडीत स्पष्ट दिसतात.

मग 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात दोन गोष्टी एकदम आल्या. लांब सस्पेन्शन आणि हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. एका बोटाने चाक जाम करता येऊ लागलं. आता ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपेक्षा जास्त झाली, म्हणजे कमजोर कडी जमिनीपाशी आली. पहिलं उत्तर जे सुचलं ते सोपं होतं: टायर मोठा करा. फिनलंडच्या नोकियनने गाझालोडी नावाचा तीन इंची टायर काढला. जाड, जड, दगडांना न जुमानणारा. पण मोठा टायर ओल्या मातीवर पसरतो, प्रत्येक बटणावर कमी दाब पडतो, आणि बटण रुतायचं ते रुतत नाही. नुसत्या आकाराने प्रश्न सुटत नव्हता.

उत्तर तैवानमधून आलं. चेंग शिन ही 1967 साली स्थापन झालेली रबर कंपनी मॅक्सिस या नावाने टायर विकते. तिने या शतकाच्या अगदी सुरुवातीला मिनियन डीएचएफ बाजारात आणला. शेवटचं अक्षर पुढच्या चाकाचं. मागच्यासाठी डीएचआर. डीएचएफ हातात घ्या आणि मधल्या रांगेवरून अंगठा चाकाच्या फिरण्याच्या दिशेने सरकवा. बटणाची पुढची कड उतरती आहे, मागची सरळ उभी. म्हणजे फिरताना ते दगडावर अलगद चढतं आणि ब्रेक लागला की उभ्या भिंतीसारखं अडतं. आता कडेची बटणं बघा. ती उंच, भक्कम, जवळजवळ उभी. त्यांच्या पायाशी रबराचा भराव आहे म्हणून वळणात ती मुडपत नाहीत.

आणि या दोन्हींच्या मध्ये काही नाही. एक रुंद, मोकळी चर, सगळ्या टायरभर फिरणारी.

ही चर हा त्या टायरचा आत्मा आहे असं मी मानते. सायकल पुरेशी कलली की मधली बटणं जमीन सोडतात, सगळा भार कडेच्या रांगेवर येतो, आणि ती रांग रुळावर चढल्यासारखी धरते. शेजारी बटण नसल्यामुळे माती दबून जायला जागा असते, म्हणून कड खोल रुतते. पण त्या टप्प्याला पोचेपर्यंत, अर्धवट कललेल्या स्थितीत, हाताला पोकळ लागतं. न कचरता सायकल कलवणाऱ्याला हा टायर भरभरून देतो, आणि चाचरणाऱ्याला सोडून देतो. एका पिढीने वळण घेण्याची पद्धत या चरीवरून शिकली: शरीर सरळ, सायकल खाली, पाय रोवलेला. रिपॅकच्या पोरांचं सरकवणं आणि हे धरणं यांत पंचवीस वर्षांचं अंतर आहे, आणि ते अंतर त्या मोकळ्या जागेत मोजता येतं.

डीएचआर मात्र तसा जमला नाही. 2012 च्या सुमारास कंपनीने तो नव्याने आखला: मध्ये ब्रेकसाठी रुंद आडवी बटणं, कडेला सरळ डीएचएफचीच रांग. तेव्हापासून तो मागेच काय, अनेक जण पुढेही लावतात.

नक्षीबरोबर रबराचीही गोष्ट सांगायला हवी, कारण साच्यात नक्षी कितीही सुंदर असो, रबर चुकलं तर ती शोभेची. रबराचा मऊपणा शोअर ए या मापात मोजतात. आकडा लहान तितकं रबर मऊ. साधा टायर 60च्या आसपास, शर्यतीचा 42 किंवा 40. मऊ रबर ओल्या मुळावर आणि दगडावर पसरून त्याचा आकार घेतं. शिवाय ही मिश्रणं अशी असतात की दाबलं की हळू परत येतात, त्यामुळे चाक दगडावरून उडी घेत नाही. पण उंच बटण सगळंच मऊ केलं तर ते लवतं आणि मुळापासून फाटतं. म्हणून आत कडक थर, वर मऊ, आणि कडेला त्याहून मऊ असे तीन प्रकारची रबरं एकाच टायरमध्ये येऊ लागली. रिमोल्डिंगच्या दुकानात वाढलेल्या कुणालाही यामागची मेहनत कळेल. दोन रबरं एकमेकांना चिकटवून भट्टीतून काढणं आणि ती सुटू न देणं हे अण्णांच्या धंद्याचं अर्धं कसब होतं.

चिखल हा वेगळाच अध्याय. त्यासाठी खिळ्यासारखी लांब, दूर दूर लावलेली बटणं असतात. मॅक्सिसचा वेट स्क्रीम, श्वाल्बेचा डर्टी डॅन. दूर अशासाठी, की माती दोन बटणांमध्ये अडकून न बसता चाकाच्या वेगाने फेकली जावी. 2011 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या शाँपेरीच्या जागतिक स्पर्धेत पावसाने उताराचा नुसता राडा केला होता, आणि ब्रिटनचा डॅनी हार्ट त्यावरून 11.69 सेकंदांच्या फरकाने जिंकला. डाउनहिलमध्ये एरवी निकाल सेकंदाच्या भागावर लागतात. हा फरक अविश्वसनीय आहे. पण चिखल अर्धवट वाळला, खाली कडक जमीन लागायला लागली, की लांब खिळे डगमगतात. मग शर्यतीच्या आदल्या रात्री मेकॅनिक कटर पक्कड घेऊन बसतात आणि एकेक बटण टोकाकडून छाटतात. किती छाटायचं हे माती चोळून ठरतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. नव्या नक्षीचा पहिला नमुना अनेकदा असा, कुणाच्या तरी हातातल्या कटरने जन्मतो. कारखान्यातला पोलादी साचा त्यानंतर कोरला जातो.

2018 मध्ये मॅक्सिसने असेगाई आणला. तो दक्षिण आफ्रिकेच्या ग्रेग मिनारसोबत आखलेला. मिनार पीटरमॅरिट्झबर्गचा, चार वेळा जगज्जेता. 2013 मध्ये स्वतःच्या गावी, टायरमधली हवा जात असतानाही त्याने जागतिक स्पर्धा जिंकली होती. असेगाईत त्याने नेमकी ती चर भरली. मधल्या आणि कडेच्या रांगेच्या मध्ये जास्तीची बटणं आली. आता सायकल कुठल्याही कोनात कललेली असो, खाली काहीतरी धरायला असतंच. पोकळ टप्पा नाहीसा झाला. मोबदल्यात तो जड पळतो, आणि कडेची रांग डीएचएफइतकी ठासून रुतत नाही. दोन टायर, एकच कंपनी, मधल्या मोकळ्या जागेविषयी दोन मतं. आजही शर्यतीच्या तळावर या दोन मतांचे लोक असतात.

2024 मध्ये जर्मनीच्या श्वाल्बेने डोंगरी टायरमध्ये रेडियल केसिंग, म्हणजे टायरचा आतला सांगाडा, आणलं: आतले धागे एकमेकांना नेहमीसारखे तिरके छेदत न जाता बरेच आडवे जातात, त्यामुळे टायर जास्त दबतो आणि एकाच वेळी जास्त बटणं जमिनीला टेकतात. ट्रकच्या धंद्यात रेडियल आला तेव्हा अण्णांच्या दुकानातली सगळी गणितं बदलली होती. इथेही बदलतील असं मला वाटतं, कारण आजवरच्या नक्ष्या कडक केसिंग गृहीत धरून आखल्या आहेत.

माझं मत विचाराल तर डीएचएफहून मोठं काम या क्षेत्रात अजून झालेलं नाही. त्याची नक्षी वीस वर्षांहून अधिक काळ जवळजवळ तशीच विकली जाते आहे, आणि इतर कंपन्यांच्या टायरवर तिची छाया दिसते.

आता सह्याद्रीत उतरणाऱ्यांसाठी एक सांगणं. आपल्याकडे मधली बटणं झिजली की टायर संपला असं धरतात. उतारासाठी हे उलटं आहे. पुढच्या टायरच्या कडेच्या रांगेवर बोट फिरवा. कड गोल झाली असेल, किंवा बटणाच्या मुळाशी भेग दिसत असेल, तर मध्ये कितीही रबर शिल्लक असो, तो टायर काढून मागे लावा आणि पुढे नवा घाला. पावसाळ्याच्या आधी घाला.