सातवे पाऊल आणि छायाचित्र

इंग्लंडमधल्या हिंदू लग्नांचे फोटो हल्ली आपल्याकडेही नातेवाइकांकडून येतात. मागे जुने दगडी कंट्री हाउस, पुढे विस्तीर्ण हिरवळ आणि तिच्यावर मंडप. विशेष म्हणजे फोटोतले कोणीच कॅमेऱ्याकडे पाहत नसते. अंतरपाटाआड डोळे मिटलेली नवरी, लाह्या सांडू नयेत म्हणून ओंजळ सावरणारा भाऊ, खांबाला टेकलेली दमलेली आई. याला 'डॉक्युमेंटरी' पद्धत म्हणतात. कोणाला उभे करायचे नाही, थांबवायचे नाही, घडेल ते टिपायचे.

आपल्याकडे कॅमेरा आला तेव्हा हे शक्यच नव्हते. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली. डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण हे त्या काळातले नामवंत छायाचित्रकार. तेव्हा काचेवर ओले रसायन लावून, ते वाळायच्या आत फोटो घ्यावा व धुवावा लागे. माणसाला काही सेकंद निश्चल बसावे लागे. मांडवातल्या अपुऱ्या उजेडात, होमाच्या धुरात चालणारी सप्तपदी त्या काचेवर कशी उमटणार? म्हणून लग्नाचा फोटो म्हणजे विधी आटोपल्यावर खुर्च्या मांडून काढलेला फोटो, अशी रीत पडली. त्यात दागिने दिसतात, मानपान दिसतो, लग्न मात्र दिसत नाही.

१९२५ साली लायका हा लहान कॅमेरा बाजारात आला, पुढे कमी उजेडात चालणाऱ्या फिल्म आल्या आणि चालता-बोलता माणूस टिपणे सोपे झाले. तरी आपली सवय सुटायला वेळ लागला. भटजींना मध्येच थांबवून "हार तसाच धरा, इकडे बघा" असे म्हणणारे फोटोग्राफर आपण सर्वांनी पाहिले आहेत.

आता इंग्लंडकडे वळू. १९६८ च्या सुमारास केनियातून आणि १९७२ मध्ये इदी अमीनने हाकलल्यावर युगांडातून अनेक हिंदू कुटुंबे, मुख्यतः गुजराती, तिकडे गेली. सुरुवातीची लग्ने भाड्याच्या सभागृहांत होत. पुढे १९९४ च्या विवाह कायद्याने हॉटेले व कंट्री हाउस यांनाही नोंदणी विवाहाची परवानगी मिळू लागली. हा कायदा १ एप्रिल १९९५ पासून लागू झाला.

पेच इथेच आहे. अशा जागी रजिस्ट्रारपुढे होणाऱ्या विवाहात धार्मिक काही चालत नाही. म्हणजे हिरवळीवरच्या मंडपात अग्नीभोवती घेतलेली सात पावले इंग्लंडच्या कायद्याच्या लेखी विवाह ठरत नाहीत. नोंदणी वेगळीच करावी लागते. आपला १९५५ चा हिंदू विवाह कायदा याच्या उलट आहे. जिथे सप्तपदीची रूढी आहे तिथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो, असे कलम ७ सांगते. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केले की विधी झालेच नसतील, तर नुसत्या प्रमाणपत्राने हिंदू विवाह होत नाही. आपला कायदा विधी पाहतो, इंग्लंडचा इमारत आणि नोंद.

म्हणून मला हे फोटो नुसती हौस वाटत नाहीत. तिथल्या सरकारी नोंदीत सप्तपदी कुठेच नसते. ती झाली, कोणासमोर झाली, कोणाचे डोळे भरले, याची साक्ष अल्बमच देतो. तिथे मांडून काढलेला फोटो अपुरा पडतो.

पण ही साक्ष न्यायालयात पुरत नाही. लंडनमध्ये नोंदणीशिवाय लागलेल्या एका निकाहाच्या प्रकरणात, २०२० साली तिथल्या अपील न्यायालयाने तो कायद्याने विवाहच नव्हता असा निर्णय दिला. त्यानंतर २०२२ मध्ये तिथल्या विधी आयोगाने इमारतीऐवजी विवाह लावणाऱ्या अधिकृत व्यक्तीला महत्त्व द्यावे, अशी शिफारस केली. नोंदणी राहिली तर संसार मोडल्यावर पत्नी म्हणून पोटगी वा मालमत्तेत वाटा मागणे अवघड होते. अल्बम कितीही सुंदर असला तरी तो तिथे कामाला येत नाही.

तेव्हा तिकडे मुलीचे लग्न ठरले, तर फोटोग्राफर कोण हे जरूर विचारावे. पण त्याआधी रजिस्ट्रारची तारीख घेतली का, तेही विचारावे.