चेहऱ्याचे मर्दन : पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या परंपरा

चेहऱ्याला तेल किंवा लेप लावून बोटांनी हळुवार चोळण्याची रीत पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे दोन्हीकडे आढळते. तिची कारणमीमांसा मात्र ठिकठिकाणी निराळी आहे. आयुर्वेद वातशमनाच्या परिभाषेत बोलतो, चिनी वैद्यक ‘ची’ या प्राणशक्तीच्या प्रवाहाचा आधार घेते, तर पाश्चात्त्य पद्धती स्नायू, रक्ताभिसरण आणि लसिका यांवर भर देते. आजच्या सौंदर्यगृहांत या तिन्हींची सरमिसळ झाली असल्याने मर्दनातून काय साधते आणि काय साधत नाही, हे ग्राहकाने जाणून घेणे आवश्यक ठरते.

अभ्यंग आणि मुखलेप

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आणि वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंगाची गणना नित्यकर्मांत केली आहे. अष्टांगहृदयात चेहऱ्यासाठी मुखलेपाचा स्वतंत्र विधीही येतो. दोष दूर करणारा, विष दूर करणारा आणि वर्ण सुधारणारा असे लेपाचे तीन प्रकार त्यात सांगितले आहेत. लेप चेहऱ्यावर पूर्ण वाळू देऊ नये, तो ओला करूनच काढावा आणि त्यानंतर तेलाने अभ्यंग करावा, असा निर्देश आहे. वाळलेला लेप खरवडून काढल्यास त्वचा दुखावते, हा त्यामागील व्यवहार आजही पटण्यासारखा आहे. दिवाळीच्या पहाटे आधी तेल आणि मग उटणे लावण्याची मराठी घरांतील प्रथा अभ्यंगाच्या याच परंपरेतील होय.

मर्मबिंदूंचे मर्दन हा आणखी एक प्रवाह. सुश्रुतसंहितेत शरीरातील १०७ मर्मे सांगितली असून त्यांपैकी ३७ मान व मस्तक या भागांत आहेत. भुवयांच्या मधले स्थपनी आणि कानशिलावरचे शंख ही त्यांतील परिचित नावे. ही स्थाने आघाताने धोक्यात येतात, म्हणून शल्यचिकित्सकाने तेथे शस्त्र जपून चालवावे, असा सुश्रुताचा रोख आहे. तेव्हा मर्मांच्या नावाखाली जोराने दाब देणे मूळ विचाराशी विसंगत ठरते.

चीन आणि जपान

गुळगुळीत कडेच्या साधनाने त्वचा घासण्याची ‘ग्वा शा’ ही चिनी पद्धत मूळची पाठ, मान, खांदे यांसाठीची. तीत लालसर वळ उमटेपर्यंत घासले जाते. चेहऱ्यावर मात्र ती अगदी हलक्या हाताने केली जाते. तेथे वळ उठणे हे चुकीच्या दाबाचे लक्षण समजावे. जपानमध्ये ‘अन्मा’ ही मर्दनाची जुनी परंपरा असून अंगठ्याने व बोटांनी दाब देण्याची ‘शिआत्सु’ पद्धत विसाव्या शतकात रूढ झाली.

पश्चिमेचा मार्ग

युरोपात पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोम येथे व्यायामविद्येची संस्था स्थापन केली. ‘स्वीडिश मसाज’ हे नाव त्यांच्याशी जोडले जात असले, तरी तळहात फिरवणे, मळणे, घासणे आणि थोपटणे या क्रियांची आज रूढ असलेली वर्गवारी नेदरलँड्सचे वैद्य योहान मेझगर यांच्या नावावर आहे. १९१० मध्ये एलिझाबेथ आर्डेन यांनी न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर सौंदर्यगृह उघडले आणि चेहऱ्याची निगा हा मोठा व्यवसाय बनू लागला. पुढे डेन्मार्कचे एमिल व्होडर यांनी लसिकेचा निचरा सुकर करणारी अतिशय हलकी पद्धत विकसित करून १९३६ मध्ये पॅरिस येथे मांडली.

पूर्व आणि पश्चिम यांचा संबंध याहून जुना आहे. पाटण्याचे शेख दीन महोमेद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील ब्रायटन येथे बाष्पस्नान आणि चंपीचे गृह चालवले. ‘चाँपना’ या हिंदी क्रियापदावरून आलेल्या ‘शॅम्पू’ या इंग्रजी शब्दाचा त्या काळचा अर्थ मर्दन असाच होता.

विज्ञान काय सांगते

चेहऱ्यावरील भाव दाखवणारे बहुतेक स्नायू थेट त्वचेला जोडलेले असतात. त्यामुळे ताणलेले कपाळ किंवा आवळलेला जबडा हळुवार मर्दनाने सैलावतो आणि मन शांत होते. त्वचेतील रक्तप्रवाहही वाढतो. जपानमधील एका छोट्या अभ्यासात ५ मिनिटे रोलर फिरवल्यानंतरची ही वाढ किमान १० मिनिटे टिकल्याचे दिसले. सकाळची किंचित सूजही उतरू शकते. हे लाभ खरे, पण तात्पुरते आहेत. सुरकुत्या मुख्यतः सूर्यप्रकाश, वय आणि कोलॅजनचा ऱ्हास यांमुळे पडतात. मर्दनाने त्या कायमच्या जातात, असा दावा सिद्ध झालेला नाही. शरीरातील घातक द्रव्ये बाहेर टाकण्याचे काम यकृत व मूत्रपिंडे करतात, चेहऱ्याचा रोलर नव्हे.

घ्यावयाची काळजी

हात स्वच्छ असावेत आणि तेलाचे थोडेच थेंब घ्यावेत. कपाळाच्या मध्यापासून कानशिलाकडे, नाकाच्या बाजूने कानाकडे आणि मग मानेच्या बाजूने गळपट्टीच्या हाडाकडे हात न्यावा. डोळ्यांभोवतीची त्वचा अतिशय पातळ असल्याने तेथे अनामिकेचा हलका स्पर्श पुरेसा आहे. मानेच्या दोन्ही बाजूंना मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्या असतात, तेथे दाब देऊ नये. पू झालेली मुरुमे, नागीण, जखम, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, बोटॉक्स किंवा फिलर अशा स्थितीत वैद्यकीय सल्ल्याशिवाय मर्दन टाळावे. तेलकट, मुरुमे येणाऱ्या त्वचेवर खोबरेल तेलाने त्रास वाढू शकतो.

मर्दनासाठी काय वापरले जाते, हेही तितकेच महत्त्वाचे. गोरेपणाच्या आमिषाने स्टेरॉइडयुक्त मलमे सर्रास वापरली जात असल्याने केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशा अनेक मलमांचा समावेश ‘अनुसूची एच’मध्ये केला, ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. अशा मलमाने आरंभी चेहरा उजळतो, पुढे त्वचा पातळ होऊन लाली, मुरुमे व केस वाढतात. म्हणून नाव नसलेल्या डबीतील मलम चेहऱ्यावर लावू देऊ नये.

चेहऱ्याची काही लक्षणे मर्दनाच्या कक्षेबाहेरची आहेत. रोज दिसणारी आणि न उतरणारी सूज मूत्रपिंड किंवा थायरॉइडच्या विकाराची खूण असू शकते. तिची तपासणी करून घ्यावी. तोंड अचानक एका बाजूला वाकडे झाल्यास ते पक्षाघाताचे लक्षण असू शकते. अशा वेळी मालिश करणाऱ्याकडे जाण्यात वेळ न दवडता रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे; पक्षाघातात पहिल्या काही तासांतील उपचारांनीच मेंदूची मोठी हानी टाळता येते.