मोट, नांगर आणि बळाचा हिशेब

आमच्या सीमाभागाच्या इतिहासात गड आहेत, गढ्या आहेत, सनदा आहेत, सरहद्दींचे तंटे आहेत; परंतु ज्या अवजारांच्या आधारावर येथील माणसांचे पिढ्यान्‌पिढ्या पोट भरले, त्यांचा उल्लेख त्यात क्वचितच सापडतो. बेळगावच्या दक्षिणेस थोड्याच कोसांवर असलेल्या येळ्ळूरचे नाव निघाले, की प्रथम राजहंसगड डोळ्यांपुढे उभा राहतो. गडाच्या पायथ्याशी पसरलेली भाताची शिवारे मागाहून आठवतात. आज आम्ही तलवारींचा इतिहास क्षणभर बाजूस ठेवून दोर, चाक, उतरण आणि पाचर यांच्या इतिहासाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

पदार्थविज्ञानाच्या शालेय पुस्तकांत साधी यंत्रे सहा सांगितली आहेत : तरफ, चाक व आस, कप्पी, उतरण, पाचर आणि मळसूत्र. उचलावयाचा भार आणि त्यासाठी लावावे लागणारे बल यांच्या गुणोत्तरास ‘यांत्रिक फायदा’ म्हणतात. तरफेचा नियम ग्रीक गणिती आर्किमिडीज याने ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात सिद्ध केला. अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने अशा यंत्रांची गणना केली. मात्र यंत्र हे निसर्गाला फसवून बळ निर्माण करीत नाही, बळात जितकी सवलत मिळते तितके अंतर अधिक तोडावे लागते, हे सुमारे १६०० च्या सुमारास गॅलिलिओने स्पष्ट करून सांगितले. हा हिशेब आमच्या शेतकऱ्याने पुस्तकात वाचला नव्हता; तथापि तो त्याला अंगवळणी पडलेला होता.

राजहंसगडाची चढण पाहा. डोंगराच्या नाकाडावरून सरळ वर जाणारी वाट आखूड, परंतु दम काढणारी. वळसे घेत जाणारी वाट लांब, परंतु ओझेवाल्याला सोसणारी. दोहोंनी चढावयाची उंची एकच. सह्याद्रीच्या कोणत्याही गडावर चुना, धान्य, दारूगोळा वाहून नेणाऱ्यांनी चढाची वाट अशीच लांब करून घेतली आहे. उतरण हे यंत्र आहे याची जाणीव होण्यापूर्वीच तिचा उपयोग झाला होता.

याच उतरणीचा अधिक चतुर उपयोग मोटेत आढळतो. विहिरीच्या काठावर चाक, चाकावरून गेलेला जाड नाडा, खालच्या कण्यावरून जाणारा बारीक सोंदूर, चामड्याची सोंडेची मोट, पाणी ओतले जाते ते थारोळे आणि बैलांना चालावयाची उतरती धाव, असा हा संसार. वरवर पाहता चाकामुळे बैलांचे काम हलके होत असावे असे वाटते. ते खरे नव्हे. जागच्या जागी फिरणारी कप्पी बळ यत्किंचितही वाढवीत नाही. ती फक्त बळाची दिशा बदलते. मोट जितकी वर यावयाची, तितकीच वाट बैलांना चालावी लागते. म्हणूनच धावेची लांबी पाण्याच्या खोलीच्या मानाने ठेवावी लागे.

मग फायदा कोठे आहे? तो धावेच्या उतारात आहे. भरलेल्या मोटेचा भार १२० किलो आणि बैलजोडीचे वजन ७०० किलो आहे असे समजू. धाव ५ हात चालल्यावर १ हात खाली उतरत असेल, तर जोडीच्या वजनाचा पाचवा भाग, म्हणजे १४० किलोंची ओढ, केवळ उतारामुळे नाड्यावर पडते. मोटेचा भार त्यातून भागतो, आणि चाकाच्या घर्षणासाठीही काही उरते. सपाटीवर जी ओढ बैलांना स्नायूंच्या जोरावर द्यावी लागली असती, ती येथे त्यांचे वजनच देते.

परंतु निसर्गाचे खाते कधी उधार राहत नाही. मोट रिकामी झाली, की बैलांना मागे सरत तीच धाव चढावी लागते, आणि त्या वेळी ७०० किलोंचा आपलाच देह त्यांना वर न्यावा लागतो. काम टळले नाही. ते दोन हप्त्यांत वाटले गेले. एका हप्त्यात जोडी ओझे ओढते, दुसऱ्यात स्वतःला उचलते. दिवसभर मोट हाकणारा माणूस बैलांचा दम कोणत्या हप्त्यात जातो हे ओळखून असे, आणि धाव फार उभी केली तर परतीची चढण जोडीला मोडून काढील हेही त्याला ठाऊक असे.

घाटाखाली, कोकणात आणि गोमंतकात, हाच प्रश्न निराळ्या रीतीने सुटला. तेथे पाणी बहुधा जवळ, त्यामुळे लाट चाले : आडव्या दांड्याच्या एका टोकास दोर व भांडे, दुसऱ्या टोकास दगडाचा भार. माणूस रिकामे भांडे खाली ओढतो आणि भरलेले भांडे दगड वर आणतो. येथेही दिशेचाच लाभ आहे. वर खेचण्यापेक्षा अंगाचा भार टाकून खाली ओढणे माणसाला सोपे. घरच्या विहिरीवरील रहाटाचा हिशेब वेगळा. दांडीचा फेरा कण्याच्या फेऱ्याच्या तिप्पट असेल, तर हाताला तिसरा हिस्सा जोर लागतो. मात्र घागर हातभर वर येण्यास हात तीन हात फिरतो.

या परंपरेच्या शेजारीच, बेळगाव शहरात, एक नवी परंपरा जन्मास आली. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेच्या शिक्षणासाठी ते मुंबईस गेले. रंग ओळखण्यात दृष्टिदोष आड आल्याने यंत्ररेखनाकडे वळले, आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. १८८८ मध्ये किर्लोस्कर बंधूंचे सायकलचे दुकान बेळगावात सुरू झाले. किर्लोस्कर रोड हे नाव त्याची आठवण आजही देते.

सायकल हे मोटेच्या उलट हिशेबाचे यंत्र आहे. पुढचे दातेरी चक्र मोठे, मागचे लहान. पायाला जोर अधिक लावावा लागतो आणि बदल्यात अंतर मिळते. सायकलीपासून किर्लोस्कर कडबा कापण्याच्या यंत्राकडे वळले आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगराकडे. नांगर ही जमिनीत शिरणारी पाचर होय. लाकडी नांगराचा फाळ माती फाडतो. लोखंडी नांगराची वळलेली पाठ ती माती उचलून उलटी करते. काळ्या, चिवट जमिनीत हा फरक मोठा होता. भाताच्या चिखलात त्याची तितकी निकड नव्हती. तेथे खोल उलटापालटीपेक्षा चिखलणी महत्त्वाची.

पहिले नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती असे सांगतात, आणि आम्ही ती गोष्ट हसत सांगत आलो आहोत. परंतु त्या हसण्याआड दुसरा एक हिशेब झाकला जातो. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार तो बलुत्याच्या धान्यावर नीट करून देई. लोखंडी नांगरास रोकड लागे, आणि झिजलेल्या भागासाठी कारखान्याकडे पाहावे लागे. बैलांच्या मानेवरील भार हलका झाला, तेव्हा सुताराच्या बलुत्याचे एक कारण कमी झाले. यंत्रात वाचलेले बळ अंतराच्या रूपाने कोठेतरी फेडले जाते; समाजात ते अंतर कोणी चालावयाचे हे पदार्थविज्ञान सांगत नाही.

बेळगाव नगरपालिकेस कारखान्याची जागा उपनगरासाठी हवी झाली, तेव्हा औंधचे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्थानकाजवळ जागा व कर्ज दिले. १९१० मध्ये त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. बेळगावने एक कारखाना गमावला. पुढे याच घराण्याच्या कारखान्यांतून पंप निघू लागले, आणि ज्या मोटेच्या मुलखातून ते निघाले होते, त्या मोटेची गरज पंपांनीच संपविली.

मोट गेली याचे दुःख बैलाला नाही, आणि धाव चढून-उतरून थकलेल्या माणसालाही नसेल. ती परत यावी असे आम्ही म्हणत नाही. परंतु नाडा, सोंदूर, कणा, थारोळे, धाव हे शब्द तिच्याबरोबर जात आहेत, आणि प्रत्येक शब्दात बळ व अंतर यांचा एकेक जमाखर्च साठविलेला आहे. यांत्रिक फायद्याचा धडा शिकविताना शिक्षकांनी परदेशी बंदरातील कप्पीच्या चित्राबरोबर गावच्या बुजत चाललेल्या विहिरीची धावही मुलांस दाखवावी. तिचा उतार दोरीने मोजावयास लावावा. आणि घरच्या वृद्धांस त्या अवजारांची नावे विचारावयास सांगावीत. मराठी आणि कोंकणी, दोन्ही घरांतून ती नावे अजून मिळतील. ती मिळण्याचे दिवस मात्र फार उरलेले नाहीत.