दंड की कराराची रक्कम? : ब्रिटनमधील सुपरमार्केटांच्या वाहनतळांचा इतिहास

सुपरमार्केटच्या वाहनतळावर नेमून दिलेल्या वेळेपेक्षा अधिक काळ मोटार उभी करणाऱ्यास घरी जी सूचना येते, तिला सामान्य माणूस ‘दंडाची नोटीस’ म्हणतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र हा शब्दप्रयोग सदोष आहे. दंड करण्याचा अधिकार राजसत्तेचा, किंवा तिने ज्यांस तो कायद्याने दिला असेल त्यांचा. खाजगी भूमीचा मालक फार तर करारभंगाबद्दल ठरलेली रक्कम मागू शकतो. हा भेद वरवर पाहता केवळ शब्दांचा वाटतो. तथापि ब्रिटनमध्ये गेल्या सहा दशकांत या एका भेदाभोवती विधिमंडळ, न्यायालये, व्यापारी व ग्राहक यांच्यात जो संघर्ष झाला, तो पाहिला असता शिक्षा करण्याची शक्ती सार्वजनिक संस्थांकडून खाजगी हातांत कशी सरकते, याचे एक बोधप्रद उदाहरण हाती लागते.

प्रथम रस्त्याचा विचार करणे योग्य होईल. वाहन उभे करण्याच्या काळाची मोजणी यंत्राने करण्याची प्रथा अमेरिकेतील ओक्लाहोमा शहरात 1935 च्या जुलै महिन्यात सुरू झाली. हेतू महसुलाचा नव्हता असे नाही. पण मुख्य हेतू दुकानांसमोरील जागा दिवसभर अडवून ठेवणाऱ्यांना हटवून ती गिऱ्हाइकांना मोकळी करून देण्याचा होता. लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागात अशी यंत्रे 1958 मध्ये बसविण्यात आली. 1960 च्या अधिनियमाने वाहतूक-रक्षकांची नेमणूक आणि न्यायालयात न जाता भरावयाचा ठराविक दंड या दोन्ही गोष्टी प्रचारात आणल्या. पुढे 1991 च्या अधिनियमाने वाहन उभे करण्याविषयीचे बहुतेक अपराध फौजदारी कक्षेतून काढून त्यांची अंमलबजावणी स्थानिक संस्थांकडे सोपविण्याचा मार्ग मोकळा केला. या सर्व व्यवस्थेत एक सूत्र कायम राहिले. आकारणी करणारी संस्था लोकांना उत्तरदायी होती, आणि तिच्या निर्णयावर कायद्याने नेमलेल्या स्वतंत्र निवाडाधिकाऱ्याकडे दाद मागता येत होती.

सुपरमार्केटचे वाहनतळ या व्यवस्थेच्या बाहेर जन्मास आले. 1964 मध्ये किरकोळ विक्रीच्या किमती उत्पादकांनी बांधून देण्याच्या प्रथेवर ब्रिटिश पार्लमेंटने कायद्याने आघात केला. त्यामुळे मोठ्या दुकानांना किमती उतरवून स्पर्धा करणे शक्य झाले. त्याच वर्षी नॉटिंगहॅमजवळील वेस्ट ब्रिजफर्ड येथे विस्तीर्ण वाहनतळ असलेले प्रचंड दुकान उघडले. 1972 मध्ये वेल्समधील कॅरफिली येथे ‘कारफूर’ या फ्रेंच पद्धतीच्या महादुकानाची भर पडली. गावाच्या कडेला स्वस्त जमीन, आठवड्याची एकरकमी खरेदी आणि मोटारीस विनामूल्य जागा, या तीन आधारांवर हा व्यापार उभा राहिला. ‘विनामूल्य’ हा शब्द अर्थातच फसवा आहे. जमिनीचा खर्च मालाच्या किमतीत मिसळलेला असतो आणि पायी येणारा ग्राहकही तो भरतो. परंतु जागा विनामूल्य असल्यामुळेच तिचा दुरुपयोग सुरू झाला. रेल्वेस्थानकाजवळ किंवा गावाच्या मध्यभागी असलेल्या दुकानांच्या वाहनतळांवर नोकरदार सकाळी गाडी ठेवून संध्याकाळी परत येऊ लागले.

अशा उपद्रवास आळा घालावा कसा? सामान्य विधीनुसार हे भूमीवरील अतिक्रमण. परंतु त्याबद्दल मिळणारी नुकसानभरपाई नाममात्र. म्हणून भूमिस्वामींनी चाकाला लोखंडी जखडबंद लावण्याचा उपाय पत्करला. स्कॉटलंडच्या उच्च फौजदारी न्यायालयाने 1992 मध्ये हे कृत्य खंडणी व चोरी या सदरांत मोडते असे ठरविले, आणि तेथे हा मार्ग बंद झाला. इंग्लंडमध्ये मात्र 1996 च्या ‘आर्थर विरुद्ध अँकर’ या खटल्यात अपील न्यायालयाने वेगळी भूमिका घेतली. सूचनाफलक वाचून जो गाडी उभी करतो, त्याने परिणामास संमती दिली आहे, मात्र सुटकेची रक्कम वाजवी असली पाहिजे, असा तो निर्णय होता. चार वर्षांनी, 2000 मध्ये, ‘व्हाइन विरुद्ध वॉल्थम फॉरेस्ट’ या खटल्यात प्रकृती बिघडल्यामुळे गाडी थांबविलेल्या एका महिलेला फलक दिसलाच नव्हता असे आढळले, आणि तिच्या बाजूने निकाल लागला. यावरून असे दिसते की, सर्व प्रश्न फलकावर येऊन ठेपला होता. फलक दिसला तर संमती, न दिसला तर नाही.

2012 च्या स्वातंत्र्यसंरक्षण अधिनियमाने इंग्लंड व वेल्समध्ये खाजगी भूमीवर अशा रीतीने गाडी जखडणे हा अपराध ठरविला. तथापि त्याच अधिनियमाच्या चौथ्या परिशिष्टाने व्यावसायिकांच्या हाती दुसरे अधिक प्रभावी साधन दिले. चालक कोण हे न कळल्यास विशिष्ट अटींवर गाडीच्या नोंदणीकृत धारकाकडून रक्कम वसूल करता येऊ लागली. वाहनक्रमांक टिपणारे कॅमेरे आणि सरकारी नोंदणी कार्यालयाकडून अडीच पौंड शुल्कात मिळणारा धारकाचा पत्ता, यांच्या जोडीने हा व्यवसाय झपाट्याने वाढला. 2023-24 या एका वर्षात अशा पत्त्यांसाठी एक कोटीहून अधिक अर्ज करण्यात आले. शिवाय कॅमेरा मोजतो तो प्रवेश व निर्गम यांमधील काळ. जागा शोधण्यात किंवा बाहेर पडण्याच्या रांगेत गेलेली मिनिटेही त्यात येतात. जखडबंद निदान डोळ्यांना दिसत होता. नवी व्यवस्था टपालाने येणाऱ्या पत्रापर्यंत अदृश्य राहिली.

या व्यवस्थेची खरी कसोटी ‘पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस’ या खटल्यात लागली. चेम्सफर्ड येथील एका दुकानसंकुलाच्या वाहनतळावर दोन तास विनामूल्य जागा मिळत असे. 2013 च्या एप्रिलमध्ये बीव्हिस यांची गाडी तेथे सुमारे 56 मिनिटे अधिक राहिली आणि त्यांच्याकडे 85 पौंड मागण्यात आले. इंग्लिश विधीचे जुने तत्त्व असे की, करारातील रक्कम नुकसानीचा प्रामाणिक अंदाज नसून केवळ धाक घालण्यासाठी असेल तर ती ‘दंड’ ठरते व वसूल होत नाही. हे तत्त्व 1915 च्या ‘डनलॉप’ खटल्यात सूत्रबद्ध झाले होते. प्रस्तुत प्रकरणी कंपनीचे प्रत्यक्ष नुकसान काहीच झाले नव्हते. उलट भूमिस्वामीला ती आठवड्याला 1000 पौंड देत होती. म्हणजे तिचे उत्पन्न ग्राहकांच्या चुकांवर अवलंबून होते. तरीही 4 नोव्हेंबर 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. जागा फिरती राहण्यात भूमिस्वामी, दुकानदार व इतर ग्राहक यांचे न्याय्य हित आहे, आणि 85 पौंड ही रक्कम त्या हिताच्या प्रमाणाबाहेर नाही, असे न्यायालयाने मानले. न्यायमूर्ती टूल्सन यांनी ग्राहकहिताच्या नियमांचा आधार घेऊन भिन्नमत नोंदविले. येथे भारतीय वाचकास स्मरण होईल की, 1872 च्या भारतीय करार अधिनियमाच्या 74 व्या कलमाने दंड व ठरीव नुकसानभरपाई यांतील हा इंग्लिश भेद बाजूला सारला, आणि नमूद रकमेच्या मर्यादेत ‘वाजवी भरपाई’ एवढेच माप न्यायालयाच्या हाती दिले.

तथापि या इतिहासाची दुसरी बाजू लक्षात घेतल्याशिवाय न्याय होणार नाही. ती राखीव जागांची होय. ऑल्फ मॉरिस यांनी मांडलेल्या विधेयकातून 1970 चा दीर्घकालीन रुग्ण व अपंग व्यक्तींविषयीचा अधिनियम संमत झाला आणि 1971 मध्ये अपंगांच्या मोटारींसाठी नारिंगी बिल्ला सुरू झाला. 2000 पासून तोच निळा झाला. 2019 मध्ये इंग्लंडमध्ये दृष्टीस न पडणाऱ्या व्याधींनाही त्याचा लाभ मिळू लागला. पण या बिल्ल्याच्या सवलती सार्वजनिक रस्त्यांपुरत्या आहेत. सुपरमार्केटच्या खाजगी भूमीवर त्या आपोआप लागू होत नाहीत. तेथे दुकानदारावर बंधन आहे ते 1995 च्या व नंतर 2010 च्या समता-विषयक अधिनियमांनुसार अपंग ग्राहकांसाठी वाजवी सोय करण्याचे. लहान मुलांसह येणाऱ्या पालकांसाठी आखलेल्या जागांना तर कोणत्याही अधिनियमाचा खास आधार नाही. तो केवळ व्यापाऱ्याचा सौजन्यधर्म. तेव्हा दाराजवळची रुंद जागा धडधाकट माणसाने बळकावली, तर तिचे रक्षण बहुधा त्याच कराराच्या रकमेने होते, जिच्याविरुद्ध ग्राहक तक्रार करीत असतो. म्हणजे एकाच साधनाने दुर्बलाचे संरक्षण होते आणि निष्काळजी माणसाचे, प्रसंगी निरपराध्याचेही, पैसे उकळले जातात. चाकाची खुर्ची बाहेर काढण्यासाठी अधिक मिनिटे लागणाऱ्या ग्राहकाला वेळमर्यादेची सूचना येते, तेव्हा तर ही दोन्ही टोके एकाच व्यक्तीच्या ठायी भेटतात.

हा तोल साधण्यासाठी 2019 मध्ये खाजगी वाहनतळांकरिता आचारसंहिता करण्याचा अधिकार सरकारला देणारा अधिनियम झाला. 2022 च्या फेब्रुवारीत संहिता प्रसिद्ध झाली; परंतु रकमेवरील नव्या मर्यादांना व्यावसायिकांनी न्यायालयात आव्हान देताच त्याच वर्षी जूनमध्ये ती मागे घेण्यात आली. 2024 मध्ये व्यवसायसंघांनी स्वतःचीच संयुक्त संहिता लागू केली, आणि 2025 मध्ये सरकारने पुन्हा नव्या संहितेसाठी लोकमत मागविले.

एकंदरीत, जखडबंदावर बंदी आली म्हणून शिक्षेची शक्ती नाहीशी झाली नाही. ती लोखंडातून कागदात आली. खाजगी भूमीवरील नियमन अनावश्यक आहे असे या इतिहासावरून म्हणता येत नाही. राखीव जागांचे उदाहरण त्याविरुद्ध साक्ष देते. पण रस्त्यावरील दंडाबरोबर जी बंधने आली, म्हणजे कायद्याने ठरलेली रक्कम, स्वतंत्र निवाडा आणि लोकांप्रत उत्तरदायित्व, ती कराराच्या रकमेबरोबर आली नाहीत. ज्याचे उत्पन्न नियमभंगावर अवलंबून आहे त्याच्याच हाती नियमाचे रक्षण राहिले. नाव बदलले, परंतु भरणाऱ्याच्या दृष्टीने तो दंडच राहिला. म्हणूनच सामान्य माणसाचा शब्द विधिशास्त्राच्या दृष्टीने चुकीचा असला, तरी इतिहासाच्या दृष्टीने फारसा चुकीचा नाही.